धुळीचा आणि संधिवाताचा संबंध नाही, हे साफ खोटं आहे

सध्या व्हॉट्सॲपवर एक लांबलचक संदेश फिरतोय. ‘कारखान्यातल्या धुळीमुळे संधिवात होतो ही डॉक्टरांनी पसरवलेली भीती आहे’, हे त्याचं पहिलंच वाक्य. पुढचे मुद्दे असे: हे रोग रक्तातून येतात, धूळ गेली तर फुप्फुसात जाते, सांध्यात कशी जाईल, शेजारी काम करणाऱ्याला काही होत नाही, मग तुम्हालाच कसं होईल, हे मुळात बायकांचे आजार, तोंडाला रुमाल बांधला की पुरे. आणि शेवटी सल्ला: गोळ्या बंद करा, प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर सुरू करा, रोग मुळापासून जाईल.

माझा मावसभाऊ फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, फेटलिंगला आहे. कास्टिंग साच्यातून बाहेर आलं की त्याला चिकटलेली वाळू आणि कडेचा जास्तीचा धातू ग्राइंडरने काढायचा, हे त्याचं काम. त्याला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. हा संदेश त्याला खात्याच्या ग्रुपवर आला आणि त्याने कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या. घरात कळलं तोवर त्याला सकाळी शर्टाची बटणं लावता येत नव्हती. त्यामुळे हे शांतपणे लिहिणं मला जमणार नाही.

सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करतो, कारण जीव त्यानेच जाऊ शकतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवात हा ऑटोइम्यून रोग आहे, आणि अशा रोगात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती चुकीच्या दिशेला वळलेली असते आणि स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, रक्तवाहिन्यांवर, मूत्रपिंडांवर हल्ला करत असते. अशा माणसाला ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ सांगणं म्हणजे आगीत तेल ओतायला सांगणं. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं हा हल्ला आवरतात. ती सोडली की काही आठवड्यांत सूज उसळून येते, आणि त्या काळात सांध्याच्या हाडाची जी झीज होते ती नंतर औषध पुन्हा सुरू केलं तरी भरून येत नाही. स्टेरॉइडचं तर आणखी वेगळं आहे. महिनोन्‌महिने ते पोटात गेलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे आतलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं. गोळी एकदम थांबवली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. म्हणून डोस पायरीपायरीने कमी करतात आणि तोही डॉक्टरच्या सांगण्यावरून.

आता पावडर. ‘घेतल्यावर चार दिवसांत आराम पडला’ असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतील. सांधेदुखीच्या ‘नैसर्गिक’ उत्पादनांमध्ये लपवलेलं औषध सापडण्याचे प्रकार घडलेले आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘आर्ट्री किंग’ नावाच्या अशाच एका उत्पादनाबद्दल इशारा दिला. त्यात वेष्टनावर न छापलेलं डेक्सामेथासोन, म्हणजे जोरदार स्टेरॉइड, आणि डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी निघाली होती. म्हणजे स्टेरॉइडच्या भीतीने गोळ्या सोडायच्या आणि तेच स्टेरॉइड मात्रेचा पत्ता नसताना पावडरमधून खायचं.

या सल्ल्यात अर्धं खरं आहे ते एवढंच, की या गोळ्यांना दुष्परिणाम आहेत. मेथोट्रेक्सेटने यकृतावर ताण येतो, रक्तपेशी कमी होऊ शकतात. ते माहीत आहे म्हणूनच ठरावीक काळाने रक्त तपासतात, आणि म्हणूनच ती गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, रोज नाही. त्रास होत असेल तर डॉक्टरला सांगून औषध बदलता येतं.

आता ‘रक्तातून येतं’ हा मुद्दा. जनुकांचा वाटा आहे, नाकारत नाही. पण सगळा खेळ जनुकांचाच असता तर एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ऱ्हुमॅटॉइड संधिवात झाल्यावर दुसऱ्यालाही हमखास व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो साधारण १५ टक्के जोड्यांमध्येच दोघांना होतो. जनुकं तीच असून उरलेल्यांमध्ये दुसरा सुटतो, तो कशामुळे? काही योगायोग असेल, बाकी बाहेरून शरीरात काय गेलं त्यावर आहे.

आणि बाहेरून काय जातं याचा अभ्यास गेली शंभर वर्षं चाललाय. एडिंबरामध्ये बायरम ब्रॅमवेल या डॉक्टरांनी १९१४ मध्ये स्क्लेरोडर्माच्या, म्हणजे त्वचा दगडासारखी कडक होत जाण्याच्या आजाराच्या, ९ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातले ५ पाथरवट होते. १९५३ मध्ये अँथनी कॅप्लन यांनी ब्रिटनच्या साउथ वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांमध्ये संधिवात आणि फुप्फुसातल्या गाठी एकत्र दिसतात हे दाखवलं. त्या आजाराला आजही त्यांचंच नाव आहे. पुढे पीव्हीसी प्लास्टिकच्या कारखान्यांत रिॲक्टरच्या आत उतरून भिंती खरवडणाऱ्या कामगारांची बोटं थंडीत पांढरी पडू लागली, त्वचा जाड झाली, बोटांच्या टोकाची हाडं झिजली. तिथे कारण होतं व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे ज्यापासून पीव्हीसी बनतं ते रसायन.

ज्याला एकच आधार हवा असेल त्याने हा घ्यावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य विज्ञान संस्थेने तज्ज्ञ बोलावून तोवरचे सगळे अभ्यास तपासून घेतले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या गटाने खात्रीने सांगितलं की स्फटिकरूप सिलिकाच्या, म्हणजे वाळूत आणि दगडात असलेल्या खनिजाच्या, धुळीचा ऱ्हुमॅटॉइड संधिवात, स्क्लेरोडर्मा, ल्यूपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंडं अशा अनेक अवयवांवर हल्ला करणारा ऑटोइम्यून रोग) आणि रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या एका आजारात वाटा आहे, आणि सॉल्व्हंटचा, म्हणजे रंग-ग्रीस विरघळवणाऱ्या रसायनांचा, स्क्लेरोडर्मात. ‘खात्रीने’ हा शब्द असे गट सहजी वापरत नाहीत. याच गटाने इतर कितीतरी गोष्टींबद्दल पुरावा अपुरा असल्याचंही लिहिलं आहे.

‘धूळ सांध्यात कशी जाईल?’ तिला सांध्यात जावंच लागत नाही. डोळ्याला दिसणारी धूळ नाकाघशात अडकते. घातक कण केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असतात आणि फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, तो कण गिळतात. सिलिका पचत नाही. कण पेशीला आतून फोडतो, पेशी मरताना धोक्याचे रासायनिक संदेश सोडते, कण मोकळा होतो आणि पुढची पेशी त्याला गिळते. हे वर्षानुवर्षं चालतं, काम सोडल्यावरही. या कायमच्या चेतावणीत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागते, आणि त्या रक्तातून सगळीकडे फिरतात. फुप्फुसात लागलेली आग बोटांच्या पेरात दिसते ती अशी. स्वीडनमधल्या २०१० च्या अभ्यासात, सिलिकाची धूळ अंगावर घेणाऱ्या आणि शिवाय सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांमध्ये अँटिबॉडी असलेल्या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा धोका, दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे सातपट निघाला.

‘शेजारच्याला का होत नाही’ हे विचारणाऱ्याने आधी बघावं की शेजारी काय करतो. एकाच शेडमध्ये फेटलिंगवाला आणि क्रेनवाला सारखी धूळ खात नाहीत. दुसरं, जो आजारी पडतो तो काम सोडून जातो. शेडमध्ये उरतात ते तब्येतीने तगलेले, आणि मग त्यांच्याकडे बोट दाखवून ‘बघा, काही होत नाही’ असं म्हणायचं! यात गेलेल्यांची मोजदादच नाही. आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना ही फसगत कधीचीच माहीत आहे.

बायकांच्या आजाराचं थोडक्यात: हे आजार बायकांमध्ये जास्त होतात हे खरं, ल्यूपसचे दहातले नऊ रुग्ण बायका असतात. पण म्हणून पुरुष सुटत नाहीत. धुळीच्या कामात पुरुष जास्त आहेत आणि वरच्या नोंदींतले पाथरवट, खाणकामगार पुरुषच होते.

रुमाल तर सोडाच. ज्या कणाबद्दल बोलतोय तो कापडाच्या विणीतून आरपार जातो. चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर लागतो, आणि तोही शेवटचा उपाय. आधी पाणी मारून ओलं काम, धूळ उडते तिथेच ओढून घेणारं एक्झॉस्ट. कामाची पाळी संपली की कंप्रेसरच्या हवेने एकमेकांचे कपडे झटकतात ना, त्या अर्ध्या मिनिटात दिवसभर बसलेली बारीक धूळ पुन्हा नाकासमोर उडते. ते आजच्या आज थांबवता येईल. ऑस्ट्रेलियाने तर कृत्रिम दगडाच्या पाट्यांवर १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली, कारण त्या कापणारे तरुण सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने, आजारी पडत होते.

एक गोष्ट मान्य करतो. एखाद्या माणसाचा संधिवात धुळीमुळेच झाला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. रक्ताच्या अहवालात कारखान्याचं नाव येत नसतं. पण म्हणून डॉक्टरने विचारायचंच नाही आणि आपण सांगायचंच नाही असं होत नाही. केसपेपरवर ‘व्यवसाय: नोकरी’ एवढंच लिहिलेलं असेल तर स्वतःहून सांगा: नेमकं काम कोणतं, किती वर्षं, वाळू, दगड की सॉल्व्हंट, ओलं की कोरडं, सिगारेट किती, आणि आधीच्या नोकरीत काय करत होतात. संधिवात असेल तर मेथोट्रेक्सेट सुरू करताना छातीचा एक्स-रे बघायला सांगा, कारण धुळीने आधीच डागाळलेलं फुप्फुस डॉक्टरला माहीत असायला हवं. आणि सिलिकोसिस आधीच निघाला असेल आणि आता थंडीत बोटं पांढरी पडत असतील किंवा सकाळी हात तासभर आखडत असतील, तर थरथरणाऱ्या मशीनमुळे असेल म्हणून सोडून देऊ नका, ऑटोइम्यून तपासण्या करायच्या का हे विचारा.