‘फोर बाय फोर म्हणजे पैसेवाल्यांची हौस’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येते अशा गाड्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण रागात लिहायचं नव्हतं म्हणून थांबलो. तुम्ही लिहिलंय, "हात साफ असला की साधी गाडी पण कुठंही जाते, फोर बाय फोर ही पैसेवाल्यांची हौस, लेखकानं कधी चिखल बघितलाय का? मायलेजवर एक अक्षर नाही, इतिहास पण अर्धाच."

मत वेगळं असू दे की, पण "कधी चिखल बघितलाय का" ही काय भाषा झाली? समोर बसला असता तर असं बोलला असता का? अहो, माझं लहानपण गगनबावड्याच्या बाजूला गेलंय. काकांकडं महिंद्राची जुनी जीप होती, काका शेतकरी माणूस, पैसेवाले वगैरे काही नाही. पावसाळ्यात वाडीवरचा रस्ता वाहून गेला की दुधाचे कॅन असोत नाहीतर बाळंतपणाची बाई, तीच जीप निघायची. गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे, एक पुढचा एक्सल, म्हणजे पुढची चाकं इंजिनला जोडायला आणि एक लो रेंजला, म्हणजे कमी स्पीड-जास्त ताकदीच्या गिअरला, ते कधी टाकायचे हे मला मिसरूड फुटायच्या आधी कळत होतं. मला चिखल विचारताय!

आता हात साफ असण्याचं. एक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरांचा जो संच असतो, त्या साध्या डिफरन्शियलची खोडच अशी आहे की एक चाक घसरायला लागलं की सगळी फिरकी त्याच चाकाला जाते आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक नुसतं उभं राहतं. तिथं ड्रायव्हर कितीही तयारीचा असू दे, करणार काय? फोर बाय फोरमध्ये पुढचा एक्सल पण ओढतो म्हणून गाडी निघते. पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन्हीकडची चाकं फिरायला लागली तर ती पण अडकते, म्हणून तर डिफ लॉक असतो, तो डिफरन्शियल बांधून दोन्ही चाकं एकत्र फिरवतो. आणि फोर लो, म्हणजे चारही चाकं लो रेंजमध्ये टाकली की स्पीड कमी, ताकद लई, घाट उतरताना इंजिनच गाडी धरून ठेवतं. उसाच्या सीझनला ट्रॉल्यांनी फोडलेल्या पाणंदीतनं एकदा साधी गाडी काढून दाखवा, मग हौस म्हणा.

हौस म्हणून हे आलंच नाही मुळात. १८९३ ला इंग्लंडात डिप्लॉक नावाच्या इंजिनिअरनं फोर बाय फोरचं पेटंट घेतलं ते वाफेच्या ओढगाडीसाठी. १९४० मध्ये अमेरिकन लष्करानं ४९ दिवसांत हलक्या फोर बाय फोर गाडीचा नमुना मागितला, बँटम कंपनीनं तो दिला, मग विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा काढल्या. त्याच विलीज जीपची जुळणी पुढं महिंद्रानं मुंबईत सुरू केली. १९४८ ची लँड रोव्हर पण शेतकरी डोळ्यासमोर ठेवूनच काढलेली. १९०३ ची हॉलंडची स्पायकर ही फोर बाय फोर मोटार माझ्या लेखात नव्हती, खरंय, आणि ती रेससाठीच होती, तेवढं तुमच्या बाजूनं धरा.

मायलेज कमी मिळतं, वजन वाढतं, मान्य. ते सगळ्यांना माहीत असतं, त्यावर काय लिहायचं.

बाकीच्या मुद्द्यांत काही दम नाही, त्यात वेळ घालवत नाही. पुढच्या वेळी मुद्दा लिहा, माझी मापं काढू नका. आणि तुम्ही स्वतः कुठली गाडी कुठल्या रस्त्यावर चालवता ते मात्र लिहिलंच नाही, ते आधी सांगा.