रीलला लाखावर व्ह्यूज, ऑर्डरी मात्र बोटावर मोजण्याएवढ्या

गेला महिनाभर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय, ताई आम्हालापण व्हिडिओ टाकून धंदा वाढवायचाय, रोज किती रील्स टाकायची, ट्रेंडिंग गाणं कसं शोधायचं. प्रत्येकीला वेगळं उत्तर द्यायला होत नाही म्हणून इथंच लिहिते. मोठं होईल पण पूर्ण वाचा, कारण यात आमचं दीड वर्ष आणि बऱ्यापैकी पैसा गेलाय.

आमचं घर कराडजवळ. सासूबाई म्हणजे आमच्या आत्या, थोरल्या जाऊबाई आणि मी, आम्ही तिघी मिळून कांदा-लसूण मसाला करून विकतो. सुरुवातीला रील्सचं काम पुण्यातल्या एका एजन्सीला दिलं. महिन्याला पंधरा रील्स. पहिल्याच दिवशी त्या पोरांनी सांगितलं आजींना नऊवारी नेसवा, नथ घाला, मोठं कुंकू लावा. आत्या आयुष्यभर गोल साडी नेसतात, नथ लग्नाकार्याला काढतात. कॅमेऱ्यासमोर त्या नुसत्या अवघडून बसल्या, आणि मसाला करताना हात कसे चालतात ते कुणी शूटच केलं नाही. त्यातलं एक रील, लालभडक मसाला स्लो मोशनमध्ये परातीत पडतोय आणि मागं गाणं, ते लाखाच्या वर गेलं. घरात सगळे खूश, जाऊबाईंनी तर जास्तीची मिरची आणून ठेवली. कमेंटमध्ये नुसते आगीचे इमोजी. ज्यांनी बघितलं त्यातले निम्मे कुठल्या कुठल्या राज्यातले, ज्यांच्या घरी हा मसाला कधी शिजतच नाही. ऑर्डरी आल्या बोटावर मोजण्याएवढ्या. ती मिरची सांभाळायला पुढं किती त्रास झाला ते आमचं आम्हाला माहिती.

मग एजन्सी बंद केली आणि मार्चमध्ये मसाल्याचा पहिला घाणा काढताना मीच मोबाईल आडवा धरून सगळं शूट केलं. अठरा मिनिटांचा व्हिडिओ झाला. मिरचीची देठं खुडण्यापासून. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, दोन्ही का लागतात ते आत्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. उभा चिरून वाळवलेला कांदा तेलात तळताना मी मध्येच काहीतरी विचारलं तर त्या म्हणाल्या "थांब गं, आत्ता बोलू नको, कांदा करपला तर सगळी चटणी कडू हुईल" आणि पुढची मिनिटभर नुसता झाऱ्याचा आवाज. मला वाटलेलं हे कापावं. नाही कापलं. नंतर यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेलचे आकडे दिसतात त्या ॲपमध्ये, ग्राफ बघितला तर लोक बरोबर तिथंच मागं जाऊन परत बघत होते, कांद्याचा रंग कुठवर येऊ द्यायचा ते बघायला.

त्या व्हिडिओला व्ह्यूज फार नव्हते, रीलच्या तुलनेत तर काहीच नाही. पण फोन यायला लागले, आणि फोनवरचं पहिलं वाक्य "तुमच्या सासूबाईंना बघितलं". भाव कुणी पाडून मागत नव्हतं. दोन किलो, तीन किलो, वर्षाची भरती.

माझं मत विचाराल तर छोट्या धंद्याला रीलनं ओळख होते आणि मोठ्या व्हिडिओनं विश्वास बसतो, आणि खायच्या वस्तूला विश्वासच लागतो. अनोळखी बाईच्या हातचं वर्षभराचं तिखट घ्यायचं म्हणजे तिनं भेसळ केली नाही, बुरशी लागलेली मिरची घातली नाही, हे कशावरून कळणार? तीस सेकंदात ते दिसत नाही. अठरा मिनिटं कुणाचे हात बघितले की दिसतं. (पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न परवान्याचा, चौदा आकडी नंबर असायलाच हवा, तो व्हिडिओतपण दाखवा, लोक विचारतात.)

घरातून मोठा विरोध झाला तो प्रमाण सांगण्यावरून. किलोला धणे किती, खोबरं किती, लसूण किती, सगळं आत्यांनी उघड सांगितलं. दीर म्हणाले वहिनी, लोक घरीच करतील की, मग आपल्याकडून कोण घेईल? तसं झालं नाही. ज्यांना घरी करायला वेळ आणि जागा आहे त्या आमच्याकडून कधीच घेत नव्हत्या. बाकीच्यांनी बघितलं की मिरची उन्हात टाकायची, देठं खुडायची, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, नंबर लावून बसायचं, घरभर ठसका, आणि त्यांनी फोन उचलला. नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचं 'आपली आजी' चॅनेल बघा, 2020 मध्ये नातवासोबत सुरू केलं, त्यात आजी सावकाश बोलत अख्खी रेसिपी दाखवतात, काही लपवत नाहीत. माणसं अशांनाच धरून राहतात.

आता रील्स करायचीच नाहीत का, तर करायची, आम्हीपण करतो. 2020 च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, लगेच जुलैत इन्स्टावर रील्स आली आणि सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स सगळ्यात आधी आपल्याच देशात आणलं, तेव्हापासून हा नाद सगळ्यांना लागलाय आणि नवीन माणूस तुमच्यापर्यंत येतो तो बहुतेक वेळा तिथूनच. पण त्यासाठी वेगळं नाचकाम करू नका. त्या मोठ्या शूटिंगमधूनच चार-पाच तुकडे काढा, आडवं शूट उभ्यात कापलं की कडेचं जातं म्हणून महत्त्वाचे दोन-तीन शॉट मोबाईल उभा धरून वेगळे घेऊन ठेवा. शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमध्ये आणि कमेंटमध्ये लिंक टाकून उपयोग नाही, 2023 च्या ऑगस्टपासून तिथल्या लिंक क्लिकच होत नाहीत. त्याऐवजी अपलोड करताना 'रिलेटेड व्हिडिओ' असा पर्याय येतो, तिथं तुमचा मोठा व्हिडिओ जोडा, म्हणजे शॉर्ट बघणारा एका टचमध्ये तिकडं जातो. मला हे कितीतरी महिने माहितीच नव्हतं. आणि ट्रेंडिंग गाण्यांचं म्हणाल तर इन्स्टावर बिझनेस अकाउंट असेल तर बरीचशी सिनेमाची गाणी वापरताच येत नाहीत, नाहीच येत तर सोडून द्या, डंकाचा आवाज ठेवा, आमच्या तुकड्यांमध्ये तोच जास्त चाललाय.

नाव काय देता हेपण महत्त्वाचं. आमच्याकडं याला चटणीच म्हणतात, "वर्षाची चटणी केली का" असंच विचारतात. पहिला व्हिडिओ मी त्याच नावानं टाकला आणि तो खोबऱ्याच्या, शेंगदाण्याच्या चटणीच्या गर्दीत हरवला. नाव बदलून 'कांदा लसूण मसाला 1 किलो प्रमाण' केलं तेव्हा सर्चमधून लोक यायला लागले. रील दोन-चार दिवसांत थंड पडतं, तो व्हिडिओ मात्र यंदा मिरचीचा सीझन सुरू झाला तसा आपोआप परत वर आला, मी काहीच केलं नव्हतं.

आणि व्हिडिओ यूट्यूबवर पडू देऊन वाट बघत बसू नका. व्हॉट्सॲपवर कुणी "भाव काय" विचारलं की मी भावासोबत त्या व्हिडिओची लिंक पाठवते, जिथं मिरचीबद्दल आहे ते मिनिटपण लिहिते. मागच्या पावसाळ्यात एका ताईंचं पार्सल फुटलं, तेल सुटून अख्खा खोका लाल झाला, त्यांनी रागानं फोटो पाठवले, आणि त्यांचा राग बरोबर होता. दुसरं पार्सल पाठवलंच, पण नवीन पॅकिंग कसं करतोय, आतली पिशवी, बाहेरची पिशवी, सील, सगळं दाखवणारा सहा मिनिटांचा व्हिडिओ केला आणि पहिला त्यांनाच पाठवला. त्याला आजवर फार कुणी बघितलेलं नाही. त्या ताई मात्र यंदा परत आल्या, चार किलोची ऑर्डर घेऊन, आणि आत्यांशी बोलायचंय म्हणाल्या, बरणीत वरून हिंगाचे खडे किती ठेवायचे ते विचारायला. दोघी अर्धा तास बोलत होत्या.