करपा लागलेला रेडिओ

गाडीतल्या रेडिओवर जळगाव आकाशवाणी मध्यम लहरींवर, 963 किलोहर्ट्झला लावावी, केळीवरच्या करप्याचा सल्ला सुरू व्हावा आणि किल्ली फिरवताच खरखरीचा करपा थेट निवेदिकेच्या आवाजाला लागावा! मग भोवतीचे तज्ज्ञ सरसावतात. "भो, टेपच बदला." "एरियल गेला." "बॅटरीचं पाणी बघा." सल्ले वेगवेगळे, खिसा मात्र आपलाच.

माझं म्हणणं, पान्याआधी कान वापरावा. ॲक्सिलरेटरबरोबर 'कुंईऽऽ' असा सूर चढत गेला तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र. 'टकटक' दाट होत गेली तर स्पार्क प्लग. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतोच, तरी तो बदलायचा सल्ला छातीठोकपणे मिळतो. आणि इंजिन बंद, किल्ली नुसती ॲक्सेसरीवर, तरीही एकसुरी खरखर? मग चोर आपणच हौसेनं घरात घेतलेला असतो: चार्जर, डॅशकॅम किंवा नंतर बसवलेले एलईडी दिवे.

चार्जरवर माझा विशेष राग. 12 व्होल्टचे 5 करताना तो सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. स्वस्त चार्जरमध्ये फिल्टरची कॉइल वाचवलेली असते, त्यामुळे ही सगळी पिल्लावळ मध्यम लहरींवर येऊन बसते. नुसता मोबाइल काढून भागत नाही. चार्जरच सॉकेटातून उपसा. डॅशकॅमचंही तेच. गाडीजवळ उभं राहून रिमोटचं बटण दाबदाबून अंगठा दुखला, तर सेल बदलण्याआधी डॅशकॅम बंद करून पाहा.

तरी सापडत नसेल तर सेलवरचा ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर लावून डॅशबोर्डवरून फिरवा. जिथं खरखर वाढते तिथं थांबा. मग एकेक फ्यूज काढा, एअरबॅगचा सोडून. गाडीच्या रेडिओचाच फ्यूज काढून "गेली खरखर!" म्हणणारेही असतात, म्हणून ट्रान्झिस्टर. शेवटी टेपमागची एरियलची पिन उपसा. खरखर थांबली तर ती एरियलमधून येत होती. तशीच राहिली तर पॉवरच्या किंवा अर्थच्या वायरीतून.

आता औषध. एरियलच्या बुडाशी रंग आणि गंज खरवडून बूड ते बॉडी रोध मोजा. एक ओहमच्या आत हवं. चोराच्या वायरीवर, त्याच्या अगदी जवळ, क्लिपचा फेराइट, म्हणजे खरखर अडवणारं कडं, लावा. मध्यम लहरींसाठी 31 नंबरचं मिश्रण घ्या आणि वायर तीनदा आतून फिरवा. अडवणूक वेढ्यांच्या वर्गानं वाढते, म्हणजे तीन वेढ्यांना साधारण नऊपट. फेराइट चिकटपट्टीनं लावू नका. भुसावळच्या मे महिन्यात माणूस सुटतो तिथं पट्टी काय टिकणार? झिप टाय वापरा. प्लग रेझिस्टरवाला घ्या, साधारण पाच किलोओहमचा. अल्टरनेटरसाठी हेडलाइट लावून, इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घ्या.

एवढं करूनही दीपनगरच्या वीज केंद्राजवळच्या तारांखाली रेडिओ घोंघावला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. घोंघावणं तसंच राहिलं तर ते वरच्या लाइनचं आहे. त्याला फेराइट नाही, एफएम लावा.