शॉने म्हणे लस घेतलीच नव्हती!

"लस नाही, औषध नाही, तरी ९४ वर्षं ठणठणीत!" आयरिश नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉच्या दाढीवाल्या फोटोखाली असं लिहिलेला फॉरवर्ड सध्या जिकडेतिकडे फिरतोय. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण माझ्या भाचीचं बाळ नऊ महिन्यांचं होतंय, गोवर-रुबेलाचा डोस तोंडावर आलाय, आणि मावशीने नेमका तिलाच तो पाठवला. वर मखलाशी : "एवढा नोबेलवाला माणूस सांगतोय, तुला कसली घाई?" भाची आता "थोडं थांबून बघू" म्हणायला लागलीय. म्हणून हे लिहिणं.

फॉरवर्डचं म्हणणं असं : शॉने जन्मात लस टोचून घेतली नाही, औषधाला हात लावला नाही, चाळिशीपर्यंत काडीचं काम केलं नाही, नोबेल लाथाडलं, आणि पुढचा जन्म जैन घरात मागितला.

आधी लस. शॉला लहानपणी देवीची लस टोचलेली होती. मायकल होलरॉयड यांनी लिहिलेलं त्याचं भलंमोठं चरित्र उघडा, त्यात सापडेल. १८८१ मध्ये, चोविसाव्या वर्षी, लंडनमध्ये त्याला देवी आल्या. दुखण्यातून उठल्यावर तो मामाकडे जाऊन राहिला, आणि हा मामा डॉक्टर! फोटोतली ती प्रसिद्ध दाढी या आजारपणानंतरची. "लस घेऊनही मला देवी आल्याच" हा त्याचा राग होता. म्हणजे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला शॉची तक्रारसुद्धा धड माहीत नाही. बरं, देवीच्या लसीचा जोर वर्षागणिक ओसरतो, म्हणून ती पुन्हा टोचून घ्यावी लागे. पाळण्यात टोचलेल्या लसीने चोविसाव्या वर्षी आजार अडवला नाही, यात नवल काय? आणि तो जगला वाचला, त्यात त्या जुन्या लसीचा वाटा नव्हता हे कशावरून?

त्याने लसीविरुद्ध आयुष्यभर लिहिलं, हे मात्र खरं. लंडनच्या सेंट पँक्रस भागाच्या स्थानिक कारभारात तो काही वर्षं होता. गटारं नीट करा, कोंदट घरं सुधारा, ही त्याची ओरड रास्तच होती. डॉक्टरांचं पोट रोग्याच्या दुखण्यावर चालतं, ही त्याची टीकाही झोंबणारी आहे आणि पूर्ण चूक नाही. पण देवी काही गटारं बांधून गेली नाही. गावोगाव रुग्ण हुडकून, त्यांच्या आसपासच्या लोकांना लस टोचून ती घालवली. भारतातले शेवटचे रुग्ण १९७५ मधले, आणि जग देवीमुक्त झाल्याची घोषणा १९८० ची. मावशीच्या स्वतःच्या दंडावर तो वाटोळा व्रण आहे, तो तिने जरा आरशात बघावा. गोवर तर हवेतून पसरतो, त्याला तुमचं गटार तुंबलंय की वाहतंय याच्याशी देणंघेणं नाही.

औषधाला हात लावला नाही म्हणे! १८९८ मध्ये पायाचं हाड सडलं तेव्हा शस्त्रक्रिया झाली. १९३८ मध्ये रक्तक्षयाचा गंभीर प्रकार जडला, तेव्हा या कट्टर शाकाहारी माणसाने यकृताच्या अर्काची इंजेक्शनं घेतली. त्याचे शाकाहारी चाहते त्यावरून बिथरले होते.

आता "काम केलं नाही". हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. डब्लिनचा हा मुलगा पंधराव्या वर्षी जमिनीचे व्यवहार बघणाऱ्या कचेरीत कारकून होता. १८७६ मध्ये लंडनला आला, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ठाण मांडलं, पाच कादंबऱ्या लिहिल्या आणि प्रकाशकांनी नाकारल्या म्हणून परत घेतल्या. मग पुस्तकांवर लिहिलं, चित्रांवर लिहिलं, संगीतावर टोपणनावाने लिहिलं. १८९५ पासून 'सॅटर्डे रिव्ह्यू' या साप्ताहिकात आठवड्याला सहा पौंडांवर नाट्यसमीक्षा. त्या जूनमध्ये सारा बर्नहार्ट आणि एलिओनोरा दूझे या दोन नामांकित नट्यांनी लंडनमध्ये एकच भूमिका केली, एका जर्मन नाटकातल्या माग्दा या नायिकेची. माग्दाला सोडून गेलेला माणूस अनेक वर्षांनी तिच्यासमोर येतो, तेव्हा दूझेच्या चेहऱ्यावर लाली कशी चढत गेली, ती आवरेना म्हणून तिने तोंड हातांत कसं लपवलं, हे शॉने टिपलं. आणि लगेच त्याला पत्रकाराचा प्रश्न पडला : ही लाली रोज अशीच येते की काय? नाटक असं बघणारा माणूस रिकामटेकडा? हे सदर सुटलं तेही त्या पायाच्या दुखण्यातच. निरोपाचा लेख लिहून त्याने ती जागा मॅक्स बीरबोम या लेखकाच्या हवाली केली. 'ती फुलराणी' ज्यावरून आली ते त्याचं नाटक 'पिग्मॅलियन' यानंतर बऱ्याच वर्षांनी.

नोबेल लाथाडलं नाही. १९२५ चा पुरस्कार १९२६ मध्ये जाहीर झाला, सन्मान त्याने घेतला आणि पैसे स्वीडिश साहित्याच्या इंग्रजी अनुवादासाठी देऊन टाकले.

राहता राहिला जैन जन्म. १९३३ च्या जानेवारीत बोटीच्या सफरीत तो मुंबईत आला होता, जैन मंदिरात गेला होता, आणि तिथल्या मूर्तींनी भारावला होता, एवढं मान्य. पण पुनर्जन्माचं ते वाक्य त्याने कुठल्या लेखात किंवा कुठल्या पत्रात लिहिलंय, ते पान दाखवा. मग पुढचं बोलू.