वाचकाला न विचारता भरलेली कपाटे

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात यंदाही मार्च महिन्याच्या अखेरीस पुस्तकांचे गठ्ठे आले, आणि यंदाही त्या गठ्ठ्यांत सभासदांनी मागणी वहीत लिहिलेले एकही पुस्तक नव्हते. हे दरवर्षी घडते. दरवर्षी आम्ही विचारतो, दरवर्षी कार्यकारिणीकडून तेच उत्तर मिळते की सवलत चांगली मिळाली आणि हिशेब 31 मार्चच्या आत पूर्ण करायचा होता. या उत्तराचा मला आता मनस्वी संताप येतो. सार्वजनिक पैशातून, वाचकांच्या नावाने, वाचकांच्या वर्गणीची भर घालून पुस्तके घेतली जातात आणि ती कोणती घ्यावीत हे ठरवताना वाचक सोडून बाकी सगळ्यांची सोय पाहिली जाते, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी तक्रार करणाराच आता विक्षिप्त ठरू लागला आहे.

त्या मागणी वहीत काय आहे, ते आधी सांगतो, कारण ‘लोक वाचतच नाहीत’ हे वाक्य तोंडावर फेकून हा विषय संपवला जातो. डाळिंबाच्या बागा असलेल्या एका शेतकऱ्याने तेल्या रोगावर अलीकडे प्रसिद्ध झालेले, शास्त्रीय माहितीचे मराठी पुस्तक मागितले आहे. एका आईने पहिली-दुसरीतल्या मुलांना स्वतःहून वाचता येतील अशी मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तके मागितली आहेत. एका निवृत्त शिक्षकांनी मराठी शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीसाठी पुन्हा पुन्हा लिहिले आहे. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींनी तर पानेच्या पाने भरली आहेत, कारण राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि आमच्या कपाटांत अजूनही बहुपर्यायी प्रश्नांचीच पुस्तके आहेत. यंदाच्या गठ्ठ्यात काय आले? त्याच जुन्या बहुपर्यायी प्रश्नसंचांच्या आणखी प्रती. ज्या मुलांना खोलीभाडे भरून पुण्यात राहणे परवडत नाही, म्हणूनच जी गावच्या अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसतात, त्यांच्या हाती रद्द झालेल्या परीक्षापद्धतीची पुस्तके द्यायची आणि वर ‘यंदा स्पर्धा परीक्षा विभाग समृद्ध केला’ असे वार्षिक अहवालात छापायचे, याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. हा त्या मुलांवर केलेला अन्याय आहे.

हे असे का होते, याची कारणे गुप्त नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला आणि त्याखालील अनुदानाचे नियम 1970 साली आले. आपल्याकडची बहुसंख्य वाचनालये सरकार स्वतः चालवत नाही; ती नोंदणीकृत संस्था चालवतात आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठीची रक्कम, देते. त्या अनुदानातील निम्मी रक्कम कर्मचाऱ्यांच्या वेतनावर आणि निम्मी वेतनेतर बाबींवर खर्च करायची असते. या दुसऱ्या निम्म्या रकमेतूनच पुस्तके, वृत्तपत्रे, नियतकालिके, वीजबिल, जागेचे भाडे, कपाटांची दुरुस्ती असे सगळे भागवावे लागते. अनुदान हप्त्यांनी येते आणि शेवटचा हप्ता बहुधा आर्थिक वर्ष संपता संपता हाती पडतो. मग उरलेल्या थोड्या दिवसांत खरेदी करायची, बिले लावायची, दाखलनोंद वहीत, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक नोंदवण्याच्या वहीत, क्रमांक टाकायचे आणि लेखापरीक्षणासाठी कागद तयार ठेवायचे. अशा घाईत पुस्तके निवडली जात नाहीत, ती फक्त उचलली जातात. ही घाई सर्वांना आधीच ठाऊक असते, मार्च महिना दरवर्षी येतो हेही सर्वांना ठाऊक असते. तरीही वर्षभर यादी तयार करून ठेवावी, पैसे येताच त्या यादीप्रमाणे मागणी नोंदवावी, इतकी साधी गोष्ट कोणी करीत नाही, याचा राग अधिक येतो.

आणि मग येतो सवलतीचा टक्का. ग्रंथालयांना पुस्तके पुरवणाऱ्या विक्रेत्यांची एक स्वतंत्र बाजारपेठ तयार झाली आहे, हे या क्षेत्रातील प्रत्येक माणसाला माहीत आहे. चांगला प्रकाशक नव्या पुस्तकावर ग्रंथालयाला दहा, पंधरा, फार तर वीस-पंचवीस टक्के सवलत देऊ शकतो, कारण त्याने लेखकाला मानधन दिलेले असते, मुद्रितशोधन करून घेतलेले असते, कागद बरा वापरलेला असतो. दुसरीकडे असा माल असतो की ज्याची छापील किंमतच सवलत गृहीत धरून ठरवलेली असते. दीडशे पानांचा मजकूर मोठ्या टायपात, दोन ओळींत भरपूर अंतर सोडून, जाड कागदावर पसरायचा, वर पुठ्ठ्याची बांधणी चढवायची, किंमत चारशे छापायची आणि निम्म्या किमतीत द्यायचे. कार्यकारिणीला वाटते की दोनशे रुपये वाचले. प्रत्यक्षात शंभर रुपयांचीही योग्यता नसलेल्या वस्तूला दोनशे मोजलेले असतात. थोर पुरुषांची एकमेकांवरून उतरवलेली चरित्रे, व्यक्तिमत्त्व विकासाची एकाच साच्यातील पुस्तके, लेखकाचे नाव ओळखीचे नाही आणि प्रकाशकाचा पत्ता धड नाही अशी निबंधांची आणि भाषणांची संकलने, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेल्या बालकथा: यांनी आमच्या वाचनालयाच्या भिंतीच्या भिंती अडवल्या आहेत. मी ती पुस्तके उघडून पाहिली आहेत. शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी कोरी असते. कित्येकांची पाने एकमेकांपासून सुटलेलीही नसतात. बाजारात कांद्याची गोणी तरी घेणारा हात घालून पाहतो. येथे तेवढीही तसदी घेतली जात नाही.

बालकथांविषयी थोडे अधिक बोलायला हवे. मूल आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पुस्तक निवडते ते बहुतेक वेळा शाळेत किंवा वाचनालयात. त्या वेळी त्याच्या हाती अस्पष्ट छपाईचे, भडक आणि ओबडधोबड चित्रांचे, ‘की’ आणि ‘कि’ यांतला फरकही न जाणणाऱ्या माणसाने लिहिलेले पुस्तक पडले, तर ते मूल दुसऱ्या पुस्तकाकडे वळणार नाही. मराठीत आज लहान मुलांसाठी उत्तम चित्रपुस्तके निघत आहेत आणि त्यांतील कित्येक पन्नास-साठ रुपयांना मिळतात. ती आमच्या वाचनालयात नाहीत, कारण ती पातळ असतात, त्यांच्यावर सवलत कमी मिळते आणि ती देणारा विक्रेता कार्यकारिणीच्या दारात गाडी घेऊन येत नाही. यानंतर हीच मंडळी व्यासपीठावरून नव्या पिढीला मोबाइलचे व्यसन लागल्याची खंत व्यक्त करतात, तेव्हा मला सभेतून उठून जावेसे वाटते.

या रोगाचे मूळ मोजणीत आहे. वाचनालयाचा वर्ग ठरवताना ग्रंथांची संख्या पाहिली जाते, म्हणून प्रत्येक वाचनालयाला संख्या टिकवायची आणि वाढवायची असते. दाखलनोंद वहीतील शेवटचा क्रमांक मोठा असला की तपासणी सुरळीत पार पडते. पण त्या क्रमांकांपैकी किती पुस्तके गेल्या पाच वर्षांत कोणी घरी नेली, हा प्रश्न आमच्या वाचनालयात तपासणीच्या वेळी कोणी विचारल्याचे मी कधी ऐकले नाही. देवघेवीची नोंद ठेवली जाते. तिच्यावरून खरेदी मात्र ठरत नाही. याच मोजणीमुळे निर्लेखनही, म्हणजे निरुपयोगी पुस्तके बाद करणेही, रखडते. वाळवी लागलेली, कालबाह्य झालेली, आयकराच्या आणि संगणकाच्या वीस वर्षांपूर्वीच्या माहितीची पुस्तके कपाटात तशीच राहतात, कारण ती बाद केली तर आकडा खाली येईल. आणि जेव्हा जागा अगदीच अपुरी पडते, तेव्हा बाद काय होते? दाखलनोंदीत प्रत्येक अंकाला स्वतंत्र क्रमांक नसलेले जुन्या मासिकांचे बांधीव खंड आणि जुने दिवाळी अंक. म्हणजे जे पुन्हा कोठेही मिळणार नाही ते रद्दीत जाते आणि ज्याला रद्दीतही फारसा भाव येणार नाही ते काचेच्या कपाटात राहते. आमच्याकडे असे खंड गेले. ते गेल्याचे आम्हाला नंतर कळले. कोणत्याही सभेत तो विषय मांडला गेला नव्हता.

शासनाकडून मदत म्हणून जे येते, त्याचीही तऱ्हा वेगळी नाही. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांच्या याद्या काढते. त्यासाठी प्रकाशकांकडून पुस्तके मागवली जातात, समिती ती पाहते आणि यादी प्रसिद्ध होते. यादी असणे वाईट नाही. पण एखादे पुस्तक यादीत आहे, एवढ्यावरून ते आमच्या गावाला हवे आहे असे ठरत नाही, आणि यादीतील क्रमांक दाखवला की खरेदीला कोणी जाब विचारू शकत नाही, हा जो समज रुजला आहे तो घातक आहे. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून देशभरातील सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकांचे साहाय्य देते. राज्याचा आणि प्रतिष्ठानाचा निधी एकत्र करून पुस्तके घेण्याची ही योजना हेतूने चांगलीच आहे. तरीही गावातील वाचनालयापर्यंत ती पोहोचते तेव्हा निवड वर कोठेतरी होऊन गेलेली असते, आणि खाली फक्त गठ्ठा उतरवून घेण्याचे आणि शिक्के मारण्याचे काम उरते. कोकणातील मासेमारीच्या गावाला, विदर्भातील कापूस पिकवणाऱ्या तालुक्याला आणि मुंबईच्या उपनगराला एकाच समितीने निवडलेले तेच ग्रंथ जावेत, हे कोणत्या विचारात बसते?

आपल्याकडे या कामाची जाण कधी नव्हतीच, असे म्हणून सुटता येणार नाही. कोल्हापूर संस्थानाने 1945 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, स्वातंत्र्याच्याही आधी. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1910 च्या सुमारास तज्ज्ञ बोलावून खेडोपाडी ग्रंथालये उघडली आणि जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यांतील पहिला सांगतो की ग्रंथ वापरासाठी असतात, दुसरा सांगतो की प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे आणि तिसरा सांगतो की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. ग्रंथपालाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमातही हे शिकवले जाते. रंगनाथन यांची तसबीर आमच्या वाचनालयात लावलेली आहे आणि त्यांच्या जन्मदिनी, 12 ऑगस्टला, तिला हार घातला जातो. ज्या पाच वाक्यांसाठी तो हार आहे, त्यांतले एकही खरेदीच्या वेळी कोणाला आठवत नाही.

माझा राग ग्रंथपालांवर नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कोणता वाचक काय मागतो, कोणते पुस्तक परत येताच दुसऱ्या हाती जाते, कोणत्या लेखकाची प्रत फाटून गेली आणि नवी आणायला हवी, हे सगळे ज्या एका माणसाला बारकाईने ठाऊक असते तो ग्रंथपालच. पण त्याचे वेतन इतके तुटपुंजे असते की घर चालवायला त्याला दुसरे काम शोधावे लागते, आणि कार्यकारिणीच्या बैठकीत त्याचे मत विचारण्याची पद्धत नाही. खरेदी अध्यक्ष आणि कार्यवाह ठरवतात. त्यांतील काही जण वर्षानुवर्षे त्या पदांवर आहेत आणि त्यांच्या नावावर गेल्या वर्षभरात एकही पुस्तक घेतल्याची नोंद नाही. जे वाचत नाहीत त्यांनी वाचणाऱ्यांसाठी निवड करावी, आणि जो वाचकांना ओळखतो त्याने ती निवड निमूटपणे नोंदवहीत चढवावी, ही व्यवस्था कोणत्याही सुजाण माणसाला सहन होण्यासारखी नाही.

अनुदान अपुरे आहे, ही तक्रार मला मान्य आहे. 2012 नंतर दहा वर्षे ते वाढलेच नव्हते, आणि 2022 साली 60 टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा आम्ही सर्वांनी मनापासून आनंद मानला. तमिळनाडू आणि कर्नाटक यांच्या ग्रंथालय कायद्यांत उपकराची, म्हणजे ग्रंथालयांसाठी वेगळा कर आकारण्याची, तरतूद आहे, तशी आपल्या कायद्यात नाही, याची खंतही रास्त आहे. परंतु कमी पैसे आहेत म्हणून ते अधिक विचाराने खर्च करायचे असतात. तीस हजार रुपयांत दीडशे निरुपयोगी पुस्तके घेण्यापेक्षा ऐंशी चांगली घेणे हे कोणत्याही शासन निर्णयाची वाट न पाहता करता येते. वाढीव अनुदान आल्यानंतर आमच्याकडे बदल काय झाला? गठ्ठ्यांची संख्या वाढली, एवढेच.

यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी आणि काही सभासद लेखी ठराव मांडणार आहोत. ग्रंथनिवडीसाठी वेगळी उपसमिती असावी आणि तीत ग्रंथपालांसह किमान एक महिला सभासद, एक शिक्षक आणि अभ्यासिकेतील एक विद्यार्थी असावा. मागणी वहीतील प्रत्येक नोंदीपुढे पुस्तक घेतले की नाही आणि नसेल तर का, हे लिहिले जावे. खरेदीची यादी, प्रत्येक पुस्तकाची छापील किंमत, मिळालेली सवलत आणि विक्रेत्याचे नाव यांसह, बिल अदा करण्यापूर्वी फलकावर लावावी. वर्गणीतून जमणाऱ्या रकमेतून दर तिमाहीस थोडी थोडी खरेदी व्हावी, म्हणजे सगळा भार मार्चवर पडणार नाही. मासिकांचे जुने खंड सभेच्या मंजुरीशिवाय बाद करू नयेत. कार्यवाहांना ठरावाचा मसुदा आधीच दिला, तेव्हा त्यांनी विषयपत्रिका छापून झाली असल्याचे सांगितले. सभेची तारीख अजून जाहीर झालेली नाही. विषयपत्रिकेची प्रत मी लेखी मागितली आहे आणि पोच घेतली आहे.