‘प्रभू, मी पापी आहे’ म्हणणं फार सोपं आहे

आमच्या मंडळीत माझ्या प्रार्थनेचं कौतुक होतं. घरगुती प्रार्थनासभा असली की शेवटची प्रार्थना ‘भाऊंनी करावी’ हे ठरलेलं. गेल्या नाताळच्या उपासनेत मात्र पाळकसाहेबांनी ती एका नव्या मुलाला करायला सांगितली. मी डोळे मिटून उभा राहिलो आणि त्याच्या चुका मोजू लागलो. सात झाल्या. बायबलमधल्या एका वचनाची त्याने पार मोडतोड केली, तेव्हा तर मला चक्क बरं वाटलं. ‘आमेन’ मात्र सगळ्यांत मोठ्याने मीच म्हटलं.

रात्री सवयीने ‘प्रभू, मी पापी आहे, क्षमा कर’ म्हणालो आणि तिथेच अडलो. या वाक्यात तो मुलगा कुठेच नव्हता! ‘पापी’ हा शब्द एवढा ऐसपैस आहे की मत्सर, मोठेपणाची हाव, सगळं त्याच्या आडोशाला निवांत बसतं. आपण कबुली ठोक भावात देतो. किरकोळीत द्यायची वेळ आली की जीभ अडखळते.

बायबलमध्ये नाथान संदेष्ट्याने गरिबाचं कोकरू हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, तेव्हा स्वतः दुसऱ्याची बायको हिरावलेला दावीद राजा केवढा भडकला! दुसऱ्याचं पाप त्याला लख्ख दिसलं. (चुका मोजण्यात तोही माझ्यासारखाच पटाईत.) पण ‘तो मनुष्य तूच’ हे ऐकल्यावर त्याने सबब सांगितली नाही.

याबाबतीत मला पंडिता रमाबाई फार धीट वाटतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन, सातासमुद्रापार नाव. आणि याच बाई पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवकथनात, लिहितात की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. मी असतो तर झाकून ठेवलं असतं. देणगीदार काय म्हणतील? विरोधकांच्या हाती आयतं कोलीत कशाला? आपल्याकडच्या साक्षी ऐका ना: बाप्तिस्म्याआधी दारुडा, बाप्तिस्म्यानंतर थेट संत. नंतरच्या वीस वर्षांतलं कुणी काही सांगतच नाही. मीही नाही सांगितलं.

त्या रात्री शेवटी त्या मुलाचं नाव घेऊन म्हणालो, ‘प्रभू, मला त्याचा हेवा वाटतो. तो चुकला की मला आनंद होतो.’ संपली प्रार्थना. ना वचन, ना अलंकार.

त्याच्याशी अजून बोललो नाही. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे; ख्रिस्ताच्या आठवणीची ती भाकर स्वतःला तपासून मगच घ्यायची असते.