‘एक चूक काढा, हायकोर्ट सोडतंच’ हे खरं नाही

दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ‘ड्रग्जच्या केसमध्ये न्यायाधीशाची एक चूक काढा, हायकोर्ट सोडतंच. अपील कधीही करा, दाखल झालं की जामीन मिळतो.’ यावर विसंबलात, तर आतल्या माणसाची वर्षं फुकट जातील.

‘कधीही करा.’ नाही. ड्रग्जच्या केसेस एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली विशेष न्यायालयात चालतात; त्या न्यायालयाच्या शिक्षेवर हायकोर्टात अपील करायला ६० दिवस मिळतात. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका. आरोपी तुरुंगात असेल तर कारागृह अधीक्षकांकडे दिलेलं अपीलही चालतं. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मुंबईलाच.

‘एक चूक पुरते.’ खरा घोळ इथे आहे. चूक झाली एवढं दाखवून भागत नाही, तिच्यामुळे निकाल कुठे फिरला ते दाखवावं लागतं. या कायद्याच्या कलम ५० ची समज (दंडाधिकारी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क) दिली नाही, हा सगळ्यांचा आवडता मुद्दा. पण ते कलम अंगझडतीपुरतं आहे. माल पिशवीत सापडला असेल तर त्या मुद्द्यात जीव नाही. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले नाहीत, एवढ्यावरही सुटका होत नाही; सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये ते स्पष्ट केलंय. उलट, शिक्षा फक्त तपास अधिकाऱ्यासमोर दिलेल्या कबुलीजबाबावर उभी असेल, तर सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या तोफानसिंग निकालापुढे ती टिकणं कठीण; असा जबाब पुरावा धरत नाहीत.

सर्वात जास्त लक्ष वजनाकडे द्या. गांजा २० किलोच्या वर गेला की ‘व्यावसायिक प्रमाण’, म्हणजे किमान १० वर्षं आणि १ लाख दंड. त्याखाली, १ किलोच्या वर, १० वर्षांपर्यंत. किमान मर्यादा नाही. कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे-फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. आता पंचनामा उघडा. समजा, वजन २१ किलो ३०० ग्रॅम आहे. पोत्यासकट तोललं का? सुटी पानं वेगळी केली का? साक्षीदारानं उलटतपासणीत काय सांगितलं? याचं उत्तर निकालपत्रात नसेल आणि तरी १० वर्षं दिली असतील, तर ही चूक शिक्षेला थेट भिडते. दोष कायम राहूनही शिक्षा उतरू शकते. एमडी (मेफेड्रोन) पावडरीत मात्र हा हिशोब चालत नाही : हिरासिंग निकालानुसार (२०२०) मिश्रणाचं सगळं वजन धरतात आणि ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक प्रमाण होतं.

‘दाखल झालं की जामीन.’ अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून माणसाला जामिनावर सोडता येतं, हे दादू विरुद्ध महाराष्ट्र खटल्यात २००० सालीच ठरलं. पण व्यावसायिक प्रमाण असेल तर कलम ३७ आडवं येतं : सरकारी वकिलांना ऐकायचं, आणि माणूस दोषी नसावा व बाहेर येऊन पुन्हा गुन्हा करणार नाही, असं कोर्टाला वाटायला हवं. अपील सुनावणीला येतच नसेल तर भोगलेली शिक्षाही कोर्ट पाहतं. म्हणून अटकेच्या तारखेपासूनची कोठडी वर्षं-महिने-दिवस मोजून अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहा.